एक्सरे फिल्मवरचं ग्लॅमर: चातुर्मासातल्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

काल आषाढी झाली, म्हणजे आता तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं बंद आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या माझ्यासारख्याला चार महिने माशा मारायच्या. दरवर्षी ठरवतो की या दिवसांत काहीतरी स्वतःचं करायचं आणि दरवर्षी जुन्या अल्बमची बिलं वसूल करण्यात श्रावण संपतो. यंदा नोंदी ठेवतोय, म्हणजे निदान लाजेने तरी काम होईल.

काम असं: मूकपटांच्या आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या नट्यांचे जे पोर्ट्रेट फोटो आहेत ना, ते बघून मी गेली वीस वर्षं वेडा होतो. रूबी मायर्स, देविका राणी, दुर्गा खोटे, तिकडच्या हॉलिवूडच्या गार्बो, डीट्रिश, लुईझ ब्रूक्स. माझ्याकडे पंचेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, चार फ्लॅश आहेत, आणि मला तसा एक फोटो अजून काढता आलेला नाही. का येत नाही ते शोधायचं. गणपतीच्या आधी दोन-तीन फोटो धड निघाले तरी खूप झालं.

९ जुलै, बुधवार

पावसाची उघडीप होती म्हणून जुन्या बाजारात गेलो. नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळं यांच्या मधे एकाने प्लास्टिकवर जुनी पोस्टकार्डं मांडली होती, त्यात हाताने रंगवलेलं एक, ओठ लाल, साडी मोरपिशी, खाली इंग्रजीत सुलोचना. तीनशे म्हणाला, एकशे ऐंशीला दिलं.

घरी आईला दाखवलं तर म्हणे, अरे ही कुठली सुलोचनाबाई, त्या तर कायम आईच्या रोलमधे असायच्या. मग समजावावं लागलं की ही ती सुलोचनादीदी नव्हे, लावणीवाल्या सुलोचना चव्हाणही नव्हेत, ही त्यांच्या आधीची. मूळ नाव रूबी मायर्स, बगदादी ज्यू घरातली, १९०७ चा जन्म आणि तोही आपल्या पुण्यातला. टेलिफोन ऑपरेटर होती, तिथून कोहिनूर कंपनीच्या सिनेमात आली आणि मग इंपीरियल फिल्म कंपनीची महाराणीच झाली. मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा तिचा पगार जास्त असं लोक म्हणायचे. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' नावाच्या १९२७ च्या सिनेमात तिने एकटीने आठ भूमिका केल्या होत्या. आई म्हणाली, "आठ? मग बाकीच्यांनी काय केलं?"

वाईट एवढंच वाटतं की यातलं आता बघायला काही नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले आणि जेमतेम तिसेक उरलेत, तेही कित्येक तुकड्यातुकड्यांत. नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, सडायची, आणि चांदी काढायला लोकांनी वितळवली ती वेगळीच. म्हणजे जिच्यासाठी थेटरं भरायची तिचं चालणं, वळणं, हसणं गेलं, आणि हातात काय तर पोस्टकार्डं आणि स्टिल्स. त्यामुळे तिचं ग्लॅमर म्हणजे काय हे आज ठरवायचं तर एका स्थिर चेहऱ्यावर पडलेल्या उजेडावरूनच ठरवावं लागतं.

१३ जुलै, रविवार

आठवडाभर फक्त फोटो बघितले, भिंग घेऊन. सगळ्यात आधी डोळ्यातला ठिपका बघायचा. डोळ्यात लाईटचं प्रतिबिंब पडतं ते खोटं बोलत नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या डोळ्यात मोठी गोल छत्री दिसते कारण मी पाच फुटी ऑक्टाबॉक्स लावतो. मार्लीन डीट्रिशच्या डोळ्यात काय आहे? एक टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, बुबुळाच्या वर. म्हणजे लाईट लहान, समोर, आणि बऱ्याच उंचावर. त्यामुळे नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते आणि गालफडं कोरल्यासारखी दिसतात. बटरफ्लाय लायटिंग म्हणतात ते हेच, आणि याचंच दुसरं नाव पॅरामाउंट लायटिंग, कारण पॅरामाउंट स्टुडिओत दिग्दर्शक स्टर्नबर्गने डीट्रिशला हे कायम दिलं. 'शांघाय एक्स्प्रेस' १९३२ चा, कॅमेरामन ली गार्म्सला त्याचं ऑस्कर मिळालं. त्यात ती दाराला टेकून वर बघते तो शॉट मी थांबवून थांबवून इतका बघितलाय की बायको म्हणाली, हिला जेवायला बोलवायचं का.

आता यातली गंमत अशी की सगळ्यांना, मलाही, वाटत होतं ग्लॅमर म्हणजे सॉफ्ट. लेन्सवर व्हॅसलिन, स्टॉकिंग, धूसर धूसर. थोडं होतं तसं, विशेषतः मूकपटाच्या शेवटी शेवटी. पण लाईट स्वतः सॉफ्ट नव्हताच, चांगला कडक होता. कडक लाईट काही माफ करत नाही, हनुवटी अर्धा इंच खाली गेली की डोळ्यांचे खड्डे होतात. १९२९ मधे नॉर्मा शिअरर या नटीने स्वतःच्या पैशाने जॉर्ज हरेल या फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले, नवऱ्याला पटवायला की मी पण मादक भूमिका करू शकते (नवरा म्हणजे एमजीएम स्टुडिओचा निर्माता अर्विंग थॅलबर्ग). भूमिका मिळाली, आणि हरेलला एमजीएमची नोकरी. तोही कडकच लाईट मारायचा, वर मेकअप पुसायला लावून चेहऱ्याला तेल.

मी आजपर्यंत पाच फुटी छत्रीच्या मागे लपत होतो, सरळ सांगायचं तर.

१६ जुलै, बुधवार

नळस्टॉपजवळ एकाकडून फ्रेनेल लाईट (पुढे कंगोऱ्यांचं भिंग असलेला सिनेमाचा दिवा) भाड्याने घेतला, एक हजार वॅटचा, लाईटवाले याला बेबी म्हणतात. डिपॉझिट दोन हजार.

दुसरं, सदाशिव पेठेतल्या काकांकडून त्यांचा हाफ प्लेट लाकडी कॅमेरा आणला. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पूर्वी त्यांचा स्टुडिओ होता, तीस वर्षं रिटचिंग, म्हणजे निगेटिव्हवर हाताने दुरुस्ती, केलंय. कॅमेऱ्याच्या भात्याला दोन भोकं होती, काळी टेप मारली.

तिसरं म्हणजे फिल्म. खरी शीट फिल्म, म्हणजे रोलऐवजी सुटी पानं, घ्यायची तर किंमत ऐकून घाम फुटतो. त्यावर जगभरच्या हौशी लोकांची युक्ती म्हणजे एक्सरे फिल्म! हिरवी एक्सरे फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असते, म्हणजे तिला निळं दिसतं, हिरवं दिसतं, लाल अजिबात दिसत नाही. आणि मूकपटाच्या काळात बहुतेक सगळं शूटिंग अशाच लाल न दिसणाऱ्या फिल्मवर होत होतं. सर्जिकलच्या दुकानात आठ बाय दहाचं शंभराचं पाकीट मिळालं, एका शीटमधून माझ्या मापाचे दोन तुकडे निघतात. दुकानदाराने विचारलं, कुठलं हॉस्पिटल? म्हटलं घरीच बघतो.

१९ जुलै, शनिवार

पहिली टेस्ट. मावसबहीण बसली, मेकअपला नेहमीच्या ताई ज्या आमच्या नवऱ्या करतात. संडासाच्या खिडकीला काळा कागद, आत लाल झिरोचा बल्ब, बादलीवर ट्रे. घरच्यांना सकाळी दहा ते एक बंदी.

पहिल्या चार शीट जवळजवळ कोऱ्या निघाल्या, नुसती भुताटकी. डेव्हलपरला (फिल्म धुवायच्या रसायनाला) शिव्या घातल्या, मग बसून विचार केला तेव्हा ट्यूब पेटली. बेबी म्हणजे टंगस्टनचा दिवा, त्याचा उजेड पिवळा-लाल, आणि माझी फिल्म लालला आंधळी! म्हणजे मी हजार वॅट जाळत होतो आणि फिल्मला त्यातला चिमूटभर दिसत होता. पुस्तकात वाचलेलं तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं ते आता शिरलं. मूकपटवाले ऊन वापरायचे, काचेच्या छपराचे स्टुडिओ बांधायचे, नाहीतर कार्बन आर्क आणि पाऱ्याच्या वाफेचे दिवे, कारण त्यांत निळा उजेड भरपूर. त्या आर्कने नट्यांचे डोळे सुजायचे, लाल व्हायचे, तिकडे त्या आजाराला क्लीग आय असं नावच पडलं होतं. मग १९२६ नंतर पँक्रोमॅटिक फिल्म स्वस्त झाली, तिला लाल पण दिसायचं, तेव्हा कुठे टंगस्टन आले, आणि बोलपटात आर्कचा गुंईं आवाज चालेना म्हणून तर आणखीनच आले. सगळं एकात एक अडकलेलं आहे, फिल्म बदलली की दिवा बदलतो आणि दिवा बदलला की मेकअप.

मेकअपचंच बघा. एक्स्पोजर वाढवून एक सेकंद केलं तेव्हा चेहरा आला, पण काय चेहरा! ताईंनी लावलेली नवरीवाली लाल लिपस्टिक डांबरासारखी काळी. गालावरचा ब्लश म्हणजे कोणीतरी थोबाडीत मारलेली. एक पिंपल जो डोळ्यांना दिसतही नव्हता तो तीळ होऊन बसला. आणि कपाळावरचं लाल कुंकू काळंभोर. आई बघून म्हणाली, आमच्या आईच्या लग्नाच्या फोटोतही कुंकू असंच आहे, आम्हाला वाटायचं तिने बुक्का लावलाय. वर्गात गणित सुटावं तसा आनंद झाला मला, मावसबहिणीला मात्र नाही, तिने शीट फाडायला मागितली.

रंगही दोन पट्ट्या खाली गेला. गव्हाळ कातडीत लाल-पिवळं जास्त असतं, ते फिल्मला दिसत नाही, म्हणून अशी फिल्म आपल्या सगळ्यांना आहोत त्यापेक्षा सावळं करते. त्या काळच्या नट्यांच्या चेहऱ्यावर पांढऱ्या पावडरीचे थर दिसतात त्याला गोरेपणाचा सोस आहेच, पण ही फिल्मही आहे. आणि ज्यांचे डोळे निळे त्यांची बुबुळं फिल्मवर पांढरी व्हायची, मासा बघतोय असं वाटायचं, म्हणजे गोऱ्यांनाही सुटका नव्हती.

२० जुलै, रविवार

ताई रात्रभर विचार करून आल्या. निळसर झाक असलेला बेबी पिंक लावून बघू म्हणाल्या. लावला. ओठ ओठांसारखे आले. ताईंना सांगितलं की १९२८ मधे मॅक्स फॅक्टरने पँक्रोमॅटिक फिल्मसाठी वेगळा मेकअप काढला होता, तर म्हणाल्या, "दादा, मग मी आज एक्सरे मेकअप काढला."

२७ जुलै, रविवार

पाऊस, लाईट गेलेले, काम बंद, म्हणून लिहितोय.

२०१७ ला पणजीत सेरेंडिपिटी फेस्टिवलला योझेफ वीर्शिंगच्या फोटोंचं प्रदर्शन बघितलं होतं, ते पुन्हा पुन्हा आठवतंय. हा जर्मन कॅमेरामन निर्माता हिमांशु रायबरोबर इकडे आला, मालाडला त्याची बॉम्बे टॉकीज कंपनी १९३४ मधे उभी राहिली तेव्हापासून तिथे. 'अछूत कन्या' (१९३६) मधली देविका राणी त्याची. एका खेड्यातल्या पोरीची भूमिका आणि भुवया मात्र कोरलेल्या, तरीही ते खोटं वाटत नाही कारण उजेड तिच्यावर इतका विचार करून टाकलेला असतो. मग युद्धात जर्मन म्हणून त्याला नजरकैदेत ठेवलं. सुटल्यावर १९४९ चा 'महल', म्हणजे झोपाळ्यावरची मधुबाला, तोही यानेच. आणि शेवटी 'पाकीज़ा', जो पूर्ण व्हायच्या आधीच १९६७ मधे तो गेला. देविका राणी, मधुबाला, मीना कुमारी, तिघींच्या चेहऱ्यावर एकाच माणसाचा हात! आपण नट्यांची नावं घेतो, पोस्टर लावतो, आणि शिडीवर चढून तो दिवा दोन इंच सरकवणाऱ्याचं नाव प्रदर्शनात कळतं.

पण उलटंही आहे. नुसत्या दिव्याने होत असतं तर मावसबहिणीचं झालं असतं की. ती दिसायला सुंदर आहे, बसली व्यवस्थित, पण लाईट तिच्यावर 'पडत' होता, ती तो 'घेत' नव्हती. यापेक्षा नीट मला सांगता येत नाहीये.

३ ऑगस्ट, रविवार

आज झालं!

मावसबहिणीने यायला नकार दिला म्हणून वहिनींना विचारलं. वहिनी बेचाळीस वर्षांच्या, सहकारी बँकेत कॅशियर, दिवसभर काचेमागे ट्यूबलाईटखाली नोटा मोजतात, फोटोत नेहमी शेवटच्या रांगेत उभ्या. म्हणाल्या, "येते, पण ती मीनाक्षी शिरोडकर मी होणार नाही हं भाऊजी, आधीच सांगते." (१९३८ च्या 'ब्रह्मचारी'तला पोहण्याचा पोशाख. आमच्या घरात तो अजून विषय आहे.)

साधी रेशमी साडी, केस मागे घट्ट. पावडर नाही, ताईंनी डोळ्यांच्या पापण्यांवर आणि गालांच्या हाडावर अगदी थेंबभर खोबरेल तेल चोळलं. बेबी बूमवर (आडव्या दांड्यावर), समोर, साडेसात फुटांवर, मागून एक छोटा दिवा केसांना रुपेरी कड यायला. खालून उजेड परत फेकायला थर्माकोल. भिंतीवर लाईट सांडू नये म्हणून पुठ्ठ्याचे कटर. माझा असिस्टंट पोरगा व्हॅसलिन लावू का म्हणाला आणि मी नाही म्हणायच्या आत फिल्टरऐवजी थेट लेन्सला बोट लावलं. अर्धा तास पुसण्यात गेला.

त्या अर्ध्या तासात वहिनी तिथेच बसून होत्या, दिवा चालू. मी लेन्स पुसता पुसता बघतो तर त्या मान हळूहळू डावीकडे, वर, थोडी खाली अशी फिरवतायत. विचारलं काय करताय. म्हणाल्या, "नाकाच्या शेंड्यावर आणि गालावर सारखं गरम लागलं की कळतं ना, दिवा बरोबर समोर आहे. जरा हललं की एका गालाला गार लागतं."

मी फडकं हातात धरून उभाच. फ्लॅशमधे हे कळूच शकत नाही, फ्लॅश एकदा चमकतो आणि विझतो, मॉडेलला कुठे माहीत उजेड कुठून आला. डीट्रिशबद्दल म्हणतात की दिवा बरोबर लागलाय की नाही ते तिला चेहऱ्याला लागणाऱ्या उबेवरून समजायचं. मला ती नट्यांबद्दलची नेहमीची दंतकथा वाटायची. आणि इथे आमच्या वहिनींनी पंचवीस मिनिटांत स्वतःच शोधून काढलं, कोणी न सांगता.

मग लेन्सचं छिद्र एफ आठ, एक सेकंद, कॅप काढायची, एक म्हणायचं, कॅप लावायची. एक सेकंद म्हणजे किती मोठा असतो ते कॅमेऱ्यासमोर कळतं. हसू एक सेकंद धरलं की मरतं, म्हणून त्या काळच्या फोटोंत ओठ मिटलेले आणि जे काय आहे ते डोळ्यांत. वहिनींनी विचारलं, मनात काय आणू? 'क्वीन क्रिस्टिना'च्या (१९३३) शेवटच्या शॉटला गार्बोला दिग्दर्शक मामूलियनने सांगितलं होतं की काहीही विचार करू नकोस, चेहरा कोरा ठेव, प्रेक्षक आपापलं भरतील. तेच सांगितलं. वहिनी म्हणाल्या, हे तर मी रोज साडेदहा ते पाच करते.

सहा शीट. तिसरी.

तिसरीत खाली बघता बघता नजर वर आलीय, पापणीवर तेलाची बारीक रेघ चमकतेय, नाकाखाली ती छोटीशी सावली अगदी मधोमध. डोळ्यात टाचणीएवढा ठिपका. संडासात लाल बल्बखाली उकिडवा बसून ते ट्रेमधून वर येताना बघितलं.

६ ऑगस्ट, बुधवार

निगेटिव्ह घेऊन काकांकडे. एक्सरे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन (उजेड पकडणारा थर) असतं, ओली असताना नखही लागलं तर ओरखडा, तसे तीन पडलेत.

काकांनी उजेडाच्या डेस्कवर ठेवली, चष्म्यावर दुसरा चष्मा लावला. पेन्सिलचं शिसं पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं केलं, दोन इंच लांब टोक. मग निगेटिव्हवर बारीक बारीक स्वल्पविराम काढल्यासारखे टिंब. "पेन्सिल लावलीस की प्रिंटमधे पांढरं, पात्याने खरवडलंस की काळं. डोकं उलटं चालायला पाहिजे." डोळ्याखालचं काळं थोडं उजळलं, ओरखडे बुजवले. थोडंच. मी म्हटलं गळ्यावरच्या रेघा? म्हणाले, "वय किती बाईंचं? मग राहूदेत की. सगळ्या काढल्या तर मान प्लास्टरची दिसते."

जोन क्रॉफर्डचा हरेलने काढलेला एक फोटो आहे, तो रिटच करायच्या आधीचा आणि नंतरचा असा शेजारी शेजारी बघायला मिळतो. आधीच्यात चेहराभर ठिपके ठिपके, नंतरच्यात संगमरवर. लोक म्हणतात बघा, किती खोटं. मला आधीचाच जास्त आवडतो पण ती पेन्सिल काम करणाऱ्याची तासन्‌तासांची बैठक दिसते म्हणून नंतरचाही आवडतो. आपल्या मोबाईलमधला ब्यूटी फिल्टर सगळ्यांना एकच गाल वाटून देतो, ती पेन्सिल निदान एका बाईच्या एका गालासाठी झिजत होती.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी म्हणून दुसरा प्रयत्न, यावेळी दुर्गा खोटे. 'अमरज्योती' (१९३६, प्रभात) मधली सौदामिनी, समुद्रावर लूट करणारी, सूड घेणारी. तिच्यावरचं ग्लॅमर डीट्रिशसारखं खुर्चीत रेललेलं नाही, ती उभी राहिली की फ्रेम तिची असते. एक हिशोब मला फार आवडतो: १९१३ मधे फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने ती केली, आणि १९३२ मधे 'अयोध्येचा राजा'त तीच तारामती चांगल्या घरातली, शिकलेली दुर्गाबाई करते. एकोणीस वर्षं फक्त!

फोटो फसला. ताईच उभ्या राहिल्या होत्या, तलवार गणपती मंडळाच्या देखाव्यातली, आणि ती सनमायकासारखी चमकते. ताई मात्र खूश. लीला चिटणीस १९४१ मधे लक्सच्या जाहिरातीत आली, साबणासाठी भारतीय नटी पहिल्यांदाच, तसा माझा पण लावा म्हणाल्या पार्लरमधे.

लुईझ ब्रूक्स करायची राहिली. तिचा तो काळा हेल्मेटसारखा बॉब आमच्याकडे कोणी कापून घ्यायला तयार नाही. 'पँडोराज बॉक्स' १९२९ ची ही बाई मूळची नर्तकी, पुढे सिनेमा सुटला, न्यूयॉर्कमधे दुकानात सेल्सगर्ल झाली, आणि म्हातारपणी सिनेमावर असे लेख लिहिले की भलेभले गप्प. कधीतरी तिच्यावर वेगळं लिहीन.

२४ ऑगस्ट, रविवार

परवा दिवशी हरतालिका, मग गणपती, म्हणजे मंडळांची कामं सुरू. आज आवरलं.

हाती आलेलं: बेचाळीस शीट खर्च, धड फोटो एक, बरे म्हणण्यासारखे दोन. तिसऱ्या शीटचे कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून) चार काढले, एक काकांना, एक वहिनींना. दादाने बघून विचारलं ही कोण. मस्करी करत नव्हता तो, एक क्षण खरंच ओळखलं नव्हतं.

व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवला तर नोव्हेंबरच्या एका नवरीच्या आईचा मेसेज, आम्हाला पण असाच हवा, फक्त थोडी गोरी करा. त्यांना फोन करून लाल लिपस्टिकची गोष्ट सांगितली, ऐकून घेतली, म्हणाल्या बरं मग कलरच काढा.

दुपारी लाईट परत द्यायला निघालो तर वहिनी म्हणाल्या, एकदा लावा ना परत. कॅमेरा काकांकडे गेलेला, कापून ठेवलेल्या शीट संपलेल्या. लावला. खुर्ची ओढून बसल्या, डोळे मिटले, मान थोडी डावीकडे, थोडी वर, आणि थांबल्या. मी वायर गुंडाळायची थांबवली. पाचेक मिनिटांनी उठल्या आणि कुकर लावायला गेल्या.

बेबीच्या बल्बची काच आतून काळी पडली म्हणून डिपॉझिटमधले पाचशे कापले.